तो विषय वेगळा नाही

पत्र:
‘मी आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस आहे. दहा वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेला दीडशे माणसं असायची. आता साठ भरली तरी डोक्यावरून पाणी. नोंदवहीत नावं मात्र तेवढीच आहेत. गेलेले लोक देव सोडून गेलेत असं नाही, बहुतेक नुसतेच घरी बसलेत. कमिटीने यंदा “परतीचा रविवार” करायचं ठरवलं आहे. प्रत्येक कुटुंबाने दोन माणसं आणायची, सगळ्यात जास्त माणसं आणणाऱ्या कुटुंबाला बक्षीस. पत्रकं छापायला गेली आहेत. पाळकसाहेब उधळ्या पुत्रावर संदेश देणार आहेत. तारीख सहा आठवड्यांवर आली, पण लोक कुणाला विचारायला धजत नाहीत. “बोलायचं काय?” म्हणतात. शिवाय कमिटीत वाद सुरू झाला आहे, की इतकी वर्षं न फिरकलेल्यांना आल्या आल्या प्रभुभोजनाची भाकर द्यायची का, कामं सोपवायची का. मंडळी वाढावी असं सगळ्यांनाच वाटतं. आमचं चुकतंय कुठे? (माझा धाकटा भाऊही आठ वर्षांपासून येत नाही, पण तो विषय वेगळा.)’

प्रिय चिटणीसबंधू,

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या कंसापाशी अडखळले. त्या कंसाकडे मी येणार आहे, पण आधी सोपं ते उरकते.

बक्षीस रद्द करा. आजच. ज्याला कुणी बक्षिसासाठी आणलं त्याला ते दारातच कळतं, आणि नाही कळलं तर बक्षीस वाटताना कळतं. पत्रकं छापली आहेत तर फुकट घालवू नका, लोकांना तारीख-वेळ लक्षात ठेवायला उपयोगी पडतील. मात्र मंडळी सोडून गेलेला माणूस दारात सरकवलेल्या पत्रकाने परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता चुकतंय कुठे ते. तुम्ही ‘बोलायचं काय’ असं विचारता, आणि मला वाटतं प्रश्नच उलटा धरलाय. अजून ऐकायचं बाकी आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात किती गेले, कधी बोलवायचं, कुणी किती आणायचे हे सगळं आहे. ते का गेले, याबद्दल एक ओळ नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. बहुतेक मंडळ्यांना ते ठाऊकच नसतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. फिलिप रिक्टर आणि लेस्ली फ्रान्सिस या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी 1990च्या दशकात चर्च सोडलेल्या लोकांना गाठून विचारलं होतं, की तुम्ही यायचे थांबलात तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत मंडळीतलं कुणी तुमच्याशी त्याबद्दल बोललं का? दहातल्या नऊहून जास्त जणांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्याच्या आधी, 1970च्या दशकात, जॉन सॅव्हेज नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट पाळकानेही असंच घरोघर जाऊन ऐकलं. त्याच्या लक्षात आलं की माणूस यायचा थांबतो तेव्हा दार एकदम लावून घेत नाही. सहा-आठ आठवडे ते किलकिलं ठेवतो. कुणाच्या लक्षात येतंय का, हे तो बघत असतो. कुणी आलं नाही, की आपला रविवार, आपली शक्ती, आपली माणसं दुसरीकडे लावतो. मग वर्षभराने गेलात तर तो हसून बोलतो, बसा म्हणतो, आणि तुमच्या लक्षात येतं की इथे आता राग नाही आणि ओढही नाही.

या सहा-आठ आठवड्यांची मी साक्षीदार आहे, म्हणून जरा लांबवते. आई गेली त्या वर्षी मी उपासनेला जाणं सोडलं. भांडण नव्हतं, शंका-कुशंकाही फार नव्हत्या. ज्या बाकावर आम्ही दोघी बसायचो तिथे बसलं की गीताची पहिली ओळ घशात अडकायची, एवढंच. एक रविवार चुकवला, मग दुसरा. तिसऱ्या महिन्यात मंडळीकडून एक पाकीट आलं. मला आठवतंय, ते मी उभ्या उभ्या, दारातच फोडलं. आत थकलेल्या वर्गणीची आठवण होती. आकडा बरोबर होता, खाली खजिनदाराची सही होती. आईचा उल्लेख नव्हता. ते पाकीट पाठवणारा माणूस वाईट नव्हता, यादीप्रमाणे काम करत होता. पण त्या दिवसापासून मी नऊ वर्षं त्या दारात गेले नाही.

परत कशी आले ते सांगते. आमच्या गायनवृंदात माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या एक बाई दर वर्षी आईच्या स्मृतिदिनाला फोन करायच्या. दोन मिनिटं. आईची एखादी आठवण सांगायच्या, माझी चौकशी करायच्या, ठेवून द्यायच्या. चर्चचं नाव काढायच्या नाहीत. नवव्या वर्षी मीच विचारलं, ‘तुम्ही अजून त्याच बाकावर बसता का?’ त्या म्हणाल्या, ‘गुडघ्यांमुळे आता मागे बसते. रविवारी येतेस? मी बाहेर पायरीवर थांबते.’ मी मुद्दाम उशिरा गेले, म्हणजे त्या आत गेलेल्या असतील आणि मला परतता येईल. घंटा होऊन गेली होती, आतून पहिलं गीत ऐकू येत होतं, आणि त्या छत्री टेकून पायरीवर उभ्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. शेवटच्या गीताआधी मी उठले, तर त्याही उठल्या आणि माझ्याबरोबर बाहेर आल्या. आशीर्वादाला थांबल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी आशीर्वाद चुकवला नसेल.

तुमच्या कमिटीला ‘वाढीची योजना’ हवी असेल तर माझ्या माहितीतली ही एकच.

आता पाळकसाहेबांच्या संदेशाकडे. उधळ्या पुत्राचा दाखला त्या रविवारी नको, अशी त्यांना माझी नम्र विनंती कळवा. दाखल्यात काही कमी आहे म्हणून नाही. पण आठ वर्षांनी धीर करून आलेला माणूस बाकावर बसतो आणि पंधरा मिनिटं त्याला ऐकू येतं की कुणीतरी बापाची मालमत्ता उडवून डुकरांत जाऊन बसलं होतं. त्याने काय उडवलेलं असतं? बहुतेकांनी नोकरी धरली, बिऱ्हाड हलवलं, आजारी सासूचं केलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या त्याच 15व्या अध्यायात त्याआधी दोन दाखले आहेत, हरवलेल्या मेंढराचा आणि हरवलेल्या नाण्याचा. त्यांतला नाण्याचा मला तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. दहातलं एक नाणं हरवतं. मेंढरू निदान चरत चरत लांब गेलं होतं, पुत्र तर सांगून-सवरून गेला. नाण्याने काय केलं? ते कुठेच गेलेलं नाही, घरातच हरवलंय. दिवा लावायचा, केर काढायचा, कोपरे धुंडाळायचे, हे काम घराच्या धनिणीचं. नाण्याने पश्चात्ताप करून गडगडत यावं, अशी तिची अपेक्षा नव्हती.

आणि उधळ्या पुत्रावरच बोलायचं असेल तर ते आदल्या रविवारी बोला, घरातल्या साठ माणसांसमोर, आणि थोरल्या भावावर बोला. परतलेल्या धाकट्यासाठी चाललेली वाजंत्री बाहेरून ऐकून जो आत यायला तयार नव्हता, त्याच्यावर. (कंस आठवतोय ना?)

‘बोलायचं काय’ हे शिकायचं तर लूकचाच 24वा अध्याय घ्या, अम्माऊसची वाट. मी तो परत येणाऱ्यांच्या संदर्भात इतक्यांदा वाचलाय की मला त्यात आता दुसरं काही दिसतच नाही. येशूला क्रुसावर दिल्यानंतर त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून चालले आहेत. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलं नाही. सुमारे अकरा किलोमीटरची वाट. मंडळी सोडून जाणारी ती पहिलीच जोडी म्हणायला हरकत नाही. मेलेल्यांतून उठलेला प्रभू त्यांना गाठतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. आणि तो काय करतो? त्यांना वळवत नाही. ते चुकीच्या दिशेने चाललेत आणि तो त्याच दिशेने त्यांच्याबरोबर चालतो. विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? ते म्हणतात, तुला माहीत नाही? आणि ज्याला सगळं माहीत आहे तो विचारतो, काय झालं? मग ते सगळं ओकतात. त्यात एक वाक्य आहे, आम्हाला आशा होती. होती! सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाकडे हे वाक्य असतं, फक्त ते ऐकायला अर्धा तास बसावं लागतं. त्यानंतर, त्यांचं संपल्यावर, तो बोलतो. गाव येतं तेव्हा आपण पुढे जाणार असं दाखवतो. घरात घुसत नाही. त्यांनी आग्रह केल्यावर आत जातो. आणि शेवटपर्यंत एकदाही म्हणत नाही की चला, यरुशलेमला परत चला. ते आपणहून उठतात आणि रात्रीच्या अंधारात माघारी जातात.

म्हणून सहा आठवड्यांतले पहिले चार आठवडे आमंत्रण देऊच नका. नोंदवही उघडा. नावं वाटून घ्या, पण कुटुंबागणिक दोन अशी सक्ती करून नको. ज्याची ज्याच्याशी खरी ओळख होती त्याने ते नाव घ्यावं. माणसी एक नाव पुरे. ज्या नावांना कुणीच ओळखत नाही ती बाजूला ठेवा. त्यांची संख्या बघून कमिटी गप्प होईल, आणि तसं गप्प होणं बरंच. मग जा किंवा फोन करा, आणि एवढंच म्हणा: ‘तुम्ही यायचे थांबलात, तेव्हा मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं. आता सांगाल का, काय झालं होतं?’ पुढे तोंड बंद. खुलासा नाही, ‘तसा त्यांचा हेतू नव्हता हो’ नाही, पाळकसाहेबांची बाजू तर मुळीच नाही.

काय ऐकायला मिळेल? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच किरकोळ. अमेरिकेत गेल्या पंचवीसेक वर्षांत सुमारे 4 कोटी प्रौढांनी चर्चला जाणं सोडलं, असं 2023 साली मांडल्या गेलेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. आपण समजतो की हे सगळे कुठल्या तरी घोटाळ्याने किंवा विज्ञानाच्या पुस्तकाने गेले. तसेही आहेत, पण भलीमोठी संख्या अशांची होती की घर बदललं, गैरसोय झाली, सवय मोडली. घर बदललेल्यांबद्दल एक सूचना: त्यांच्या नव्या घराजवळच्या मंडळीचा पत्ता त्यांना द्या आणि तिथल्या पाळकांना कळवा. तुमची संख्या वाढणार नाही. प्रभूची मंडळी वाढेल. तेवढ्याने तुमचं समाधान होत नसेल, तर वाढ कुणासाठी हवी होती याचा कमिटीने विचार करावा.

काही जण मात्र वेगळं सांगतील, आणि इथे मी थट्टा बाजूला ठेवते. कुणी सांगेल की मंडळीतल्या जबाबदार माणसाने माझ्या अंगाला हात लावला, किंवा माझ्या मुलाला छळलं, किंवा घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन गेले तर ‘सोसा आणि प्रार्थना करा’ म्हणून पाठवलं. त्या माणसाला आमंत्रण देऊ नका. क्षमेवरचं वचन ऐकवू नका. ऐका, विश्वास ठेवा, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. गुन्हा असेल तर तो पोलिसांचा आणि कायद्याचा विषय आहे, कमिटीच्या बैठकीत मिटवण्याचा नाही. लहान मुलाचा प्रश्न असेल तर एक दिवसही थांबू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो दारात हस्तांदोलनाला उभा असताना तुम्ही ‘परतीचा रविवार’ करणार असाल, तर तो करूच नका.

आणि काही सरळ सांगतील, माझा विश्वास उरला नाही, किंवा मी आता दुसऱ्या मार्गाने जातो. त्यांचे आभार माना आणि ओळख ठेवा. त्यांच्यामागे लागायचं नाही. जे आपले कधी नव्हतेच त्यांना भुलवून आणायचा तर प्रश्नच येत नाही. तुमच्या यादीत आहेत ते एकेकाळी तुमच्याबरोबर गायलेले लोक, तेवढंच क्षेत्र धरा.

पाचव्या आठवड्यात आमंत्रण. आपल्या भाषेत एक घोटाळा आहे. ‘या ना कधी तरी’ हे आपण आमंत्रण समजतो. ते निरोप घेण्याचं वाक्य आहे. ऐकणाराही ‘येऊ येऊ’ म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं की कुणी कुठे जाणार नाही. आमंत्रणाला वार लागतो, वेळ लागते, आणि ‘मी’ लागतो. ‘येत्या रविवारी नऊला उपासना आहे. मी पावणेनऊला तुमच्याकडे येतो, बरोबर जाऊ. मागे बसू. नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही.’ शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. येशूचा शिष्य फिलिप्प याने नथनेलाला येशूकडे बोलावताना एवढंच म्हटलं होतं, येऊन पाहा. नथनेलाने येशूच्या नासरेथ गावाची टिंगल केली तरी फिलिप्प वाद घालत बसला नाही.

तुमच्यासारखा रविवार इंग्लंडमध्ये 2004 साली मँचेस्टर धर्मप्रांतात सुरू झाला, ‘बॅक टू चर्च संडे’ नावाने. पुढे तो इतर धर्मप्रांतांत आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत गेला. तो पसरवणाऱ्यांपैकी मायकल हार्वी यांचं म्हणणं मला पटतं. ते म्हणतात की यश म्हणजे एका माणसाने एका माणसाला विचारणं. तो आला की नाही हा हिशेब देवाकडे. तुमच्या लोकांची जीभ का रेटत नाही, हे यात सापडेल. त्यांना ‘नाही’ ऐकायची भीती वाटते, आणि बक्षिसाने तुम्ही ‘नाही’ला अपयशच ठरवून ठेवलंय. उलट करा. आठवड्याच्या प्रार्थनासभेत ज्यांना ‘नाही’ ऐकावं लागलं त्यांना आधी बोलू द्या. कुणाला दार आपटून घेतलेलं ऐकवू द्या, थोडं हसू द्या. पुढच्या आठवड्यात आणखी चौघं विचारून येतील.

अपेक्षाही बेताची ठेवा. ब्रिटनमध्ये टिअरफंड या ख्रिस्ती संस्थेने 2007 साली सुमारे 7000 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. लोकसंख्येचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा पूर्वी चर्चला जायचा आणि आता सोडलेला निघाला. त्यांतले बहुतेक परत जायला तयार नव्हते. योग्य आमंत्रण मिळालं तर येऊ म्हणणारे, पूर्वी कधीच न गेलेल्यांतले थोडे धरूनही, देशभरात 30 लाखांच्या आसपास होते. मोठा आकडा दिसतो, पण शंभरातले सहा. म्हणजे नव्वद जणांना विचारलंत आणि पाच-सहा आले तर काही बिघडलं नाही. त्या पाच-सहांचं पुढे काय होतं, तिथे बिघडतं.

त्या रविवारी काय करू नये, ते भराभर सांगते. पाहुण्यांना उभं करून टाळ्या नकोत. ‘काय हो, इतकी वर्षं कुठे होता?’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येता कामा नये, विशेषतः ज्येष्ठांच्या. प्रेमानेच विचारतात, पण ते उलटतपासणीसारखं लागतं. फॉर्म नको, वर्गणीची पेटी समोर नको. गीताचा क्रमांक सांगून थोडं थांबा, पान सापडू द्या. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे सांगा. विसरलेल्या माणसाला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. उपासना नेहमीचीच ठेवा. त्या दिवशी बँड आणि पुढच्या रविवारी नेहमीची सुस्ती, अशाने माणूस फसल्यासारखा होतो. आणि पुढच्या रविवारी त्याला पुन्हा कोण आणणार हे आधीच ठरलेलं असू द्या. दुसरा रविवार पहिल्यापेक्षा अवघड असतो. पहिल्याला कुतूहल असतं.

राहिला कमिटीतला वाद, प्रभुभोजनाचा आणि कामांचा. तो नवा नाही, जवळजवळ अठराशे वर्षांचा आहे. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने अर्पण केलं; काहींनी अर्पण न करता पैसे देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते सगळे दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना घ्यायचं नाही. दुसरीकडे काहीजण म्हणत होते, लगेच घ्या, विचारू नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन या दोहोंच्या मध्ये उभा राहिला. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याने टोमणेही खाल्ले होते. 251 साली कार्थेजला धर्मसभा भरली आणि माणूस पाहून, त्याची हकीकत पाहून निर्णय घ्यायचं ठरलं: नुसता दाखला घेतलेल्यांना लवकर, अर्पण केलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा तेही सैल केलं, कारण शक्ती लागणार होती ती भोजनाच्या मेजावरच मिळणार होती. नोव्हेशियनची वेगळी चूल काही शतकं पेटती राहिली, मग विझली.

तुमच्या लोकांनी तर कुणाला अर्पणही केलेलं नाही, रविवारची सकाळ झोपून काढलीय. तुमच्या पंथाचा जो नियम असेल, पापकबुली असेल किंवा पाळकांशी एकांतात बोलणं असेल, तो पाळा. फक्त तो त्यांना आधी, घरी, हळू आवाजात सांगा. मेजापाशी आलेल्याला अडवून सांगू नका. कामांबद्दल माझा कल ख्रिस्ती मठांचे नियम लिहिणाऱ्या संत बेनेडिक्टकडे आहे. सहाव्या शतकातल्या त्याच्या नियमावलीत मठ सोडून गेलेल्या भावाला परत घ्यायची तरतूद आहे, तीही एकदा नाही, तिसऱ्या वेळेपर्यंत. जागा मात्र सगळ्यात शेवटची. हे ऐकायला कठोर वाटतं, पण परत आलेल्याला शेवटची जागा बरी वाटते, मला विचारा. आल्या आल्या तरुण संघाचा सेक्रेटरी केलेला माणूस चौथ्या महिन्यात पुन्हा नाहीसा होतो. त्याच नियमावलीच्या 27व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या कमिटीने भिंतीवर लावावी. डळमळलेल्या भावाकडे मठाधिपतीने शहाणे, वयस्क भाऊ गुपचूप पाठवावेत, त्याला धीर द्यायला, तो दुःखात बुडून जाऊ नये म्हणून. गुपचूप. यादी नाही, बक्षीस नाही, मंडळीच्या पत्रिकेत फोटो नाही. आमच्या त्या छत्रीवाल्या बाईंनी बेनेडिक्टचं नावही ऐकलं नसेल.

आणि आता कंस.

तुम्ही मंडळीचे चिटणीस. रविवारी दीडशेचे साठ झाले हे तुम्ही मोजलंत. त्या नव्वदांतला एक तुमच्या आईच्या पोटचा आहे, आणि तो तुम्ही कंसात टाकलात. काय झालं होतं मला माहीत नाही. जमिनीवरून असेल, लग्नावरून असेल, कमिटीच्या निवडणुकीवरून असेल. कदाचित तुम्हीच त्याला काही बोलला असाल, किंवा तो बोलला असेल आणि तुम्ही तेव्हा चिटणीस म्हणून उत्तर दिलं असेल, भाऊ म्हणून नव्हे. विषय वेगळा आहे म्हणता. मला वाटतं मंडळीत विचारायला कुणी धजत नाही, त्याचं एक कारण हेही आहे. लोक तुमच्याकडे बघतात. चिटणीसांचा भाऊ येत नाही आणि चिटणीस त्याचं नाव काढत नाहीत, हे साठ जणांना ठाऊक असतं.

तुमच्या वाटणीचं एक नाव हेच. बाकी यादी दुसऱ्यांना द्या.

रविवारी फोन करू नका, उपासना सुटल्यावर तर नकोच. त्याला वाटेल, वेदीवरून सरळ फोनकडे आला. मधल्या वारी करा, संध्याकाळी. मंडळीचा विषय काढू नका, ‘परतीचा रविवार’ तर उच्चारूही नका. आठ वर्षांत त्याच्या घरात काय काय झालं असेल, मुलं कितवीत आहेत, त्याची पाठ अजून दुखते का, हे विचारा. तो मध्येच म्हणाला, ‘आज कशी आठवण झाली?’ तर खरं सांगा, की एका बाईला पत्र लिहिताना तुझं नाव कंसात लिहिलं आणि मग झोप लागली नाही. तो शिव्या देईल, ऐका. फोन ठेवला तर आठवड्याने पुन्हा करा, आणि मग महिन्याने.

तुमच्या सहा आठवड्यांत तो येणार नाही, असं धरूनच चाला. त्याच्या घराच्या पायरीवर आधी तुम्हाला जावं लागेल, आणि गेलात तर चिटणिसाची वही घरी ठेवून जा. भेट झाल्यावर मला दोन ओळी लिहा. छापणार नाही.

तुमची,
सदरलेखिका